कानाला दुभाष्या नको

कुणी नवा फोन घेतला आणि कौतुकानं ऑफिसात दाखवायला आणला की शालन आक्का तोंड वाकडं करायच्या. पेढा घ्यायच्या, खायच्या, आणि म्हणायच्या, "ह्या फोनावर काय, दगड टाकला तरी पळंल. त्यात आपलं कर्तृत्व काय?" मग टेबलाच्या खणातून स्वतःचा तो फोन काढायच्या. काच एका कोपऱ्यात तडकलेली, पाठीला चिकटपट्टी, बॅटरी कशीबशी दुपारपर्यंत दम काढणारी. त्याचं नाव म्हातारा. ऑफिसात कुणीही काहीही नवं लिहिलं की आक्कांचा हुकूम ठरलेला, "आधी म्हाताऱ्याला विचार जा." म्हातारा अडखळला तर काम परत. लिहिणाऱ्यानं कितीही आदळआपट केली तरी परत.

मी तिथं टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्यात चुका काढायच्या आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. ऑफिस बेळगावात, टिळकवाडीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. माणसं मोजकी. विनय सरांनी कंपनी काढली तेव्हा पहिली खुर्ची त्यांची आणि दुसरी आक्कांची. आज त्या खुर्चीवर कोण बसतं ते मी सांगणार नाही, सांगायला लागलो की माझं डोकं फिरतं.

आक्का निपाणीच्या, बौद्ध वस्तीतल्या. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. वडिलांबद्दल त्या बोलायच्या नाहीत. शिकण्याबद्दल एकदाच म्हणाल्या, "आमच्या घरात अभ्यास म्हंजे जेवायच्या आधीचं काम व्हतं. झाला न्हाय तर ताट न्हाय." अंगानं दणकट, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, आणि हसणं असं की खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर जिन्यात येऊन बघायचा. कोड वाचताना ओठ हलायचे. कुणाचं काम आवडलं तर "बरं हाय" म्हणायच्या, त्याच्यावर कौतुक नाही. आवडलं नाही तर मात्र आख्ख्या मजल्याला ऐकू जायचं, "कुणी लिवलंय रं हे? शाळंत पाठवलं व्हतं का तुला, का शाळंवरनं नुसता नेला व्हता?"

आमची सगळ्यांची ह्यातून सुटका नव्हती. मलाही एकदा धुतलं होतं. राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी काम नीट व्हायचं हे कबूल करायला हवं.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फोन दोन तऱ्हेचे, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. ज्याच्या त्याच्या भाषेत थेट लिहिलं की फोन झटक्यात ऐकतो. त्याला नेटिव्ह म्हणतात. पण मग एकच काम दोनदा लिहा, दोनदा तपासा, दोनदा निस्तरा. दुसरी वाट स्क्रिप्टची. एकदाच लिहायचं, आणि फोनच्या पोटात एक मधला गडी असतो तो दोन्हीकडं समजावून सांगतो. निम्म्या वेळात काम होतं. कुठं काय वापरायचं ह्यावर आमच्या धंद्यात लोक भाऊबंदांसारखे भांडतात.

आक्का मात्र भांडायच्या नाहीत, त्यांचं पक्कं ठरलेलं. गावाबाहेरच्या मच्छ्यातल्या एका फौंड्रीच्या मालकांना त्यांनी ते कसं सांगितलं ते मी समोर बसून ऐकलंय. "मालक, तुम्ही तहसील ऑफिसात जाताय न्हवं? कागदावरचं कन्नड तुमाला जड, सायबाला मराठी येत न्हाय. मधी एक माणूस उभा करताय. उतारा मागायचाय, पत्ता बदलायचाय, चालतंय. जरा उशीर झाला तर झाला. पण तुमच्या पायाशी साप आलाय आणि सायेब कन्नडातनं वरडतोय, तवा मधल्या माणसानं सांगूस्तवर तुम्ही थांबणार व्हय?" मालक खोखो हसले. आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बटणाला दुभाष्या चालतो. कानाला नको."

कानाची गोष्ट निघाली कारण ते ॲपच कानाचं होतं. फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी तुकडा, थंड होऊन साफ झाला की एक माणूस लहान हातोडीनं त्याच्यावर टोला घालतो आणि ऐकतो. माल चांगला असेल तर टण्ण वाजतो. आत भेग असेल तर आवाज फाटतो. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत कुणाचाही कान बधिर होणार, वर भट्टीचा गोंगाट. म्हणून मालकांना हवं होतं असं ॲप, की टोला घातला की शेजारचा फोन ऐकेल आणि सांगेल, चांगला की भेग.

आक्का त्यासाठी आख्खा उन्हाळा त्या फौंड्रीत जाऊन बसल्या. अंगावर काळी धूळ, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, मांडीवर लॅपटॉप. तपासणीवरचे परशराम मामा टोले घालायचे आणि ह्या फोन धरून बसायच्या. दोघांची रोज जुंपायची. मामा म्हणायचे, "आक्का, ह्यो फोन माझी नोकरी खाणार." आक्का म्हणायच्या, "खाऊ दे की. कान शाबूत ऱ्हाईल, घरात बायकू काय म्हंत्या ते तरी ऐकाया येईल." त्यातूनच आक्कांनी मुख्य गोष्ट शोधून काढली. भेग पहिल्या दणक्यालाच बोलते. नंतर फुटका आणि धड, दोन्ही तुकडे सारखेच गुणगुणतात. म्हणजे फोननं तो पहिला क्षण चुकवला तर बाकी सगळं ऐकून उपयोग शून्य. आणि फौंड्रीत धूळ खायला ठेवलेले फोन कसले? सगळे म्हाताऱ्याचे भाऊबंद. त्यांच्यावर मधला दुभाष्या धापा टाकतो आणि नेमका तोच क्षण गिळतो. म्हणून ऐकण्याचा भाग त्यांनी नेटिव्ह लिहिला, दोन्ही तऱ्हांच्या फोनांसाठी वेगवेगळा. बाकी सगळी बटणं, यादी, रंग, स्क्रिप्टमध्ये.

ह्याच्यावर विनय सर पुढं गावभर सांगत सुटले, की आक्कांना नेटिव्हचा हट्ट, स्वतःची खुर्ची पक्की करायला. साफ खोटं! आमच्या पहिल्या ॲपचे फोनवर दिसणारे सगळे पडदे आक्कांनीच नेटिव्ह लिहिले होते, आणि काय देखणे लिहिले होते. स्क्रिप्ट चांगली चालायला लागली तशी त्यांनीच एका दुपारी ते सगळं काढून टाकलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, जीव तुटत न्हाय का?"

"तुटतोय की," त्या म्हणाल्या. "पर फॉर्म भरायला काय विमान लागतंय व्हय? जा, चहा सांग."

स्वतःचं काम असं उचलून फेकणारी बाई खुर्चीसाठी लिहिते? पण हे ऐकायला कुणाला वेळ होता!

विनय सरांबद्दलही बोललं पाहिजे. टिळकवाडीतलं जुनं घराणं, वडील वकील, घरी सगळे शिकलेले. आवाज कधी चढला नाही. शिवी तर लांबच, साधं 'अरे' सुद्धा नाही. आक्कांना सगळ्यात गोड हाक तेच मारायचे. बाहेरचे लोक भेटायला आले की सर त्यांना आक्कांच्या टेबलापाशी आणून म्हणायचे, "ह्यांचे हात सोन्याचे आहेत." पाहुणे माना डोलवायचे. मग सगळे केबिनमध्ये जायचे, दार लागायचं, आणि काय बनवायचं, कसं बनवायचं ते आत ठरायचं. आक्का बाहेर. एकदा असंच दार लागल्यावर त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माझ्या आईला वखारीतला मुकादम ह्येच म्हणायचा. हात लई चांगला हाय म्हणायचा. जन्मभर हातच बघितला त्यानं." आणि पुन्हा स्क्रीनकडं वळल्या.

सरांचं एक म्हणणं मात्र वाजवी होतं. ऐकण्याचा भाग दोन भाषांत लिहिलेला आणि तो एकट्या आक्कांनाच येतो, उद्या त्या आजारी पडल्या तर? आक्कांनी तिथल्या तिथं उत्तर दिलं, "मग शिकवतो की. बसवा दोघांना माझ्याशेजारी." आमच्याकडच्या बायका जातो, करतो, शिकवतो असंच बोलतात. सरांना ते ऐकून नेहमी बारीक हसू यायचं, तेव्हाही आलं. कुणालाही शेजारी बसवलं नाही. ऐकण्याचा भागही स्क्रिप्टमध्ये आणायचा, म्हणजे कुणीही करू शकेल, असं केबिनमध्ये ठरून गेलं. आक्कांना सांगितलं, बघू दिवाळीनंतर.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची, हत्यारांची पूजा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथला, भट्टीला हार घालतात, आम्ही लॅपटॉपला घालतो. सगळे लॅपटॉप बंद करून एका टेबलावर ओळीनं मांडलेले, झेंडूची फुलं, हळदकुंकू, चिरमुऱ्यांचा प्रसाद. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही ही रीत. आक्का पूजेत नसायच्या, पण झाडलोट करू लागायच्या, प्रसाद खायच्या, सगळ्यांची टर उडवायच्या. कधी कुणाला काही खटकलं नव्हतं.

पूजा झाल्यावर सर म्हणाले, "एक आनंदाची बातमी. ऐकण्याचा भाग आपल्या मुलांनी स्क्रिप्टमध्ये केलाय. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळीकडं पाठवू." आणि त्यांनी स्वतःचा नवाकोरा फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवला, पूजेची घंटा उचलली आणि वाजवली. फोननं लगेच सांगितलं, चांगला. टाळ्या पडल्या. पुन्हा घंटा, पुन्हा चांगला, पुन्हा टाळ्या.

आक्कांच्या हातातले चिरमुरे हातातच राहिले. त्या म्हणाल्या, "सर, घंटा लई येळ वाजती. पयला दणका चुकला तरी मागनं घावतं. कास्टिंग तसं वाजत न्हाय. आणि तुमचा फोन बघा, कसला हाय. मच्छ्याला जाऊन एकदा म्हाताऱ्यावर बघून येतो. लई येळ न्हाय लागायचा."

सर हसले. "आज हत्यारं पूजेला बसलीत, आक्का. आज हात लावायचा नसतो."

"माझा लॅपटॉप पूजेत न्हाय सर. म्हातारा बी न्हाय."

मीही बोललो. म्हटलं, सर, आक्कांचं बरोबर आहे, हे माझ्याकडंही तपासायला आलेलं नाही, निदान परवावर टाका. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आक्कांना म्हणाले, अगदी हळू, अगदी गोड, "आक्का, आमच्या रीतीचा एवढा तरी मान राखा."

आमच्या. तो एक शब्द त्यांनी नीट वेगळा काढून ठेवला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. आक्कांचा चेहरा लाल झाला. फोन पर्समध्ये टाकला आणि जिना उतरल्या.

दसऱ्याला त्या दरवर्षी रजेवर असत. निपाणीला धम्मदीक्षेच्या दिवसाचा कार्यक्रम, आईला घेऊन जायचं, पांढरी साडी. रजा कधीचीच मंजूर होती, सरांच्याच सहीनं. त्या दिवशी मुहूर्तावर ॲप सगळ्या फौंड्र्यांत गेलं.

दिवाळीनंतर मच्छ्याच्या त्या फौंड्रीतला एक तुकडा, ज्याला फोननं चांगला म्हटलं होतं, गिऱ्हाइकाच्या लेथवर फिरता फिरता फुटला. ठिकरी लेथवाल्याच्या डोळ्यात गेली. डोळा गेला. कायमचा.

मालक तणतणत ऑफिसात आले. मी केबिनमध्येच होतो, जुन्या फोनांवर ॲप भेग चुकवतंय हे माझ्या लॅपटॉपवर उघडून. विनय सरांनी मालकांना पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाले, "आवाजाचा भाग पहिल्यापासून आमच्या एका मॅडमकडं होता. आणि दुर्दैव असं, की ॲप बाहेर पडायच्या दिवशी त्या रजेवर! त्यांना मी कमी करतोय." मी म्हटलं, "सर, तो भाग आता त्यांचा नव्हता." सर म्हणाले, "तू बाहेर जा." आणि मला बाहेर घालवलं. माझे आईवडील इथं, घर इथं, आणि असलं काम देणारी ठिकाणं बेळगावात बोटावर मोजण्याइतकी. मी नोकरी सोडली नाही. त्याबद्दल मला कुणी काही विचारू नये.

आक्कांना बोलावलं तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. त्या बसल्या नाहीत. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलताय. ते राहू दे, जग बोलतंय. पर तुम्ही ग्वाड बोलताय न्हवं, त्याची लई किळस येत्या." सर म्हणाले, "तुमचं कल्याण होवो." बघा! ह्या माणसाला त्या वेळी हे सुचलं.

बाहेर येऊन आक्कांनी खणातलं सामान काढलं आणि रडल्या. मोठ्यानं, लाज न धरता, हसायच्या तशाच. कंपाउंडर जिन्यात आला आणि तसाच खाली गेला.

पुढचं ऐकून तर माणसाला चीड यावी. महिनाही गेला नसेल, स्क्रिप्टचा तो भाग गुपचूप काढून आक्कांचा नेटिव्ह भाग परत बसवला. बसवताना अडलं. कुणाला येणार होतं ते? तेव्हा आक्कांनाच फोन. आधी त्यांनी चार शिव्या घालून फोन आपटला. पुन्हा फोन आल्यावर मात्र बसून सगळं सांगितलं, कुठं काय जोडायचं, कुठल्या फोनवर काय आडवं येईल. मी नंतर त्यांना म्हटलं, "कशाला सांगितलंत? मरू दे की कंपनी."

"कंपनी मरू दे रं," त्या म्हणाल्या. "भट्टीवर माणसं हैत न्हवं. विनय सर कुठं हाय तिथं?"

ॲप आज उत्तम चालतंय. विनय सर त्याच्यावर भाषणं देतात. नेटिव्ह कुठं आणि स्क्रिप्ट कुठं, ह्याचा समतोल आम्ही कसा साधला, असं म्हणतात. आम्ही!

आणि आक्कांना बेळगावात काम मिळेना. उद्यमबाग काय, मच्छे काय, सगळे मालक एकमेकांना ओळखतात. डोळा घालवणारी ती बाई, एवढंच फिरत होतं. शेवटी निपाणीच्या एका लहान कंपनीत लागल्या. हजेरीचं ॲप करायचं आणि स्वतःच दारोदार फिरून विकायचं.

मध्यंतरी मी मच्छ्याला त्याच फौंड्रीत गेलो होतो, नवे फोन आले होते ते लावून द्यायला. बघतो तर गेटवर आक्का. उन्हात, खांद्याला बॅग, वेणीत पांढरे केस लई वाढलेले. वॉचमननं अडवलेलं. मला बघून हसल्या, पण पूर्वीसारखं नाही. "हजेरीचं दाखवायला आलतो," म्हणाल्या. "मालकांनी फोनवर या म्हटलं. नाव विचारलं न्हवतं तवा."

तेवढ्यात मालक स्वतः गेटवर आले. माझ्या पाठीवर थाप मारली. आक्कांना म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेरच थांबा. त्या पोराचा डोळा मी अजून विसरलो न्हाय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मालक, आत तुमच्या सगळ्या फोनांत जे ऐकतंय न्हवं, ते ह्यांचंच हाय. ह्यांचं काढलं म्हणून डोळा गेला. परत ह्यांचंच बसवलंय."

मालक गोंधळले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तुमच्या सरांनी तर मला दुसरंच सांगितलंय. तुम्ही असं करा, सरांना एकदा फोन लावा. ते व्हय म्हणू देत, मी स्वतः मॅडमना आत नेतो."

मी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जुनं कशाला उकरायचं? मालकांना माझा नमस्कार सांग. आणि आक्का आहेत का तिथं? त्यांना म्हणावं, तब्येतीला जपा."

आतून हातोडीचे टोले ऐकू येत होते. मालकांनी मान हलवली आणि मला आत चला म्हणून हात केला.

आक्कांनी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "कोड परत घेतला," त्या म्हणाल्या. "माझ्यावर घातलेलं तेवढं काढाया जमंना व्हय त्यास्नी?" मग म्हणाल्या, "जा रं तू. फोन लावून दे नीट. लोक वाट बघत्यात."

वॉचमननं माझ्यासाठी गेट उघडलं, मी आत गेल्यावर परत लावलं.